रोजचा जुम्मा

गुलाम हुसेन अब्बा दुपारी हळूच उठून यंत्रमागावर, लूमच्या ड्युटीवर निघायचे. लूम भंगारात जाऊन सहा वर्षं झाली, हे त्यांच्या ध्यानातच राहत नसे. पण दाराची बिजागरी करकरायची आणि सून सालेहा स्वयंपाकघरातून धावत यायची, "अब्बा, आज जुम्मा हाय. लूम बंद." मग अब्बा चपला काढायचे.

सालेहाचा नवरा अरशद लूम-फिटर. कोरडं लोखंड वाजलं की त्याचा हात आपोआप तेलाकडे जायचा. एका सकाळी कामावर निघताना त्याने बिजागरीवर तेलाचा स्प्रे मारला.

त्या दुपारी दार वाजलंच नाही.

संध्याकाळी चौकीत अब्बा हरवल्याची तक्रार देऊन दोघं घरी आली. "मला इचारायचं तरी होतं," सालेहा म्हणाली.

अरशदने मान वर केली नाही. "त्या स्प्रेत तेल नावालाच असतं," तो पुटपुटला. "बाकी सगळं रॉकेलसारखं. आठ-दहा दिवसांत उडून जातं, मग परत वाजतं."

अब्बा हरवल्याच्या दहाव्या दिवशी, खऱ्याच जुम्म्याला, दार करकरलं. सालेहा पिठाच्या हातांनी धावली, "अब्बा, आज जुम्मा हाय!"



वाऱ्याने दार हलत होतं.