सूचीतलं नाव

चान्था-सान प्रत्येक पुस्तक शेवटून उघडते. कंबोडियाच्या राजकारणावरचं असो की आधुनिक इतिहासावरचं, ती आधी नामसूची काढते, एका पानावरून बोट खाली नेते, हलकेच श्वास सोडते आणि मग पुस्तक विकत घेते.

टोकियोतल्या प्रयोगशाळेत आमची टेबलं शेजारीशेजारी आहेत. शनिवारी ती जिंबोचोतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाते आणि मीही सोबत जाते. परक्या देशात राहून आपल्या देशाचा इतिहास इतक्या चिकाटीने शोधणारी दुसरी कुणी मी पाहिलेली नाही.

आज दुकानदाराने तिच्यासाठी राखून ठेवलेला जाडजूड ग्रंथ दिला. कंबोडियातल्या ख्मेर रूजच्या जुलमी राजवटीतल्या तुरुंगांवरचा. तिचं बोट सूचीवरून खाली गेलं, कुठेही थांबलं नाही.

"माझा नवरा वॉशिंग मशीनचं माहितीपत्रकसुद्धा उघडत नाही," मी म्हणाले. "आणि तू सूचीही सोडत नाहीस! काय शोधतेस एवढं?"

"बाबांचं नाव."

"ते तुरुंगात होते?"

"होते, एवढंच सांगतात. गजांच्या आत होते की बाहेर, ते नाही सांगत. म्हणून नाव सापडलं नाही की मला बरं वाटतं, यामिनी-सान."

तिने ग्रंथ मिटला आणि पहिल्यांदाच, न घेता, दुकानदाराला वाकून परत केला.

"ओबोन सणाच्या सुट्टीत घरी जाते," ती म्हणाली. "आता बाबांनाच विचारणार आहे."