डावऱ्या हाताचे ठोके

सकाळपासून नात दत्तोबांना जुन्या पुण्यात हिंडवत होती, पण त्यांचा पाय कुठेच ठरत नव्हता. देवळं झाली, वाडे झाले. संग्रहालयात त्यांनी तलवारींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट भांड्यांच्या दालनात जाऊन ते एका काचेपुढे थबकले.

आत तांब्याचं घंगाळ होतं, अंगभर हातोडीचे ठोके उमटलेलं. खाली पाटी होती: ‘तांबट आळी, पुणे. कारागीर अज्ञात.’

“आजोबा, हे तर आपल्या आळीतलं!”

“आपल्या घरातलं. ठोके उलटे कललेत बघ. डावऱ्या हाताचे आहेत.”

“म्हणजे पणजोबा डावरे होते?”

“नाही गं. माझी आई.”

आळीत बायकांनी फार तर भाता ओढायचा, हातोडी धरायची नाही. वडिलांचा हात अधू झाल्यावर आई दार लावून ठोके घालायची. बाहेरच्यांना वाटायचं, वडीलच कामाला बसलेत.

“मग या लोकांना कुणी सांगितलं कसं नाही?” नात चिडलीच.

“घंगाळ न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं. ओट्यावर आळीतली चार माणसं बसली होती. मीच म्हणालो, ठाऊक नाही.”

दारापाशी अभिप्रायाची वही होती. दत्तोबांनी लिहिलं: ‘घंगाळाची कारागीर: अनसूया वडके.’

पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

‘चुकीची माहिती देणारा: तिचा मुलगा.’