दुर्बीण

तिसऱ्या ओळीतल्या पहिल्या अक्षरात ठिपके तीन होते की चार, हे त्याला कळेना. त्याने बोट मागे नेलं, पुन्हा फिरवलं. कागद सपाटच लागला.

"पुढे?" समोर मूळ प्रत घेऊन बसलेली सहकारी म्हणाली.

"कागद हलका आलाय," तो म्हणाला. महिनाभरात हे कारण त्याने चौथ्यांदा दिलं होतं.

ब्रेल छापखान्यात तो मुद्रितं तपासायचा. सहाव्या वर्षी डोळे गेले, तेव्हापासून त्याचं सगळं जग बोटांच्या टोकांवर होतं. पंचवीस वर्षांत त्याच्या हातून एक चूक सुटली नव्हती. सगळे त्याला दुर्बीण म्हणत, आणि त्यालाही ते मनापासून आवडायचं.

त्या दुपारी व्यवस्थापकांनी त्याला बाजूला घेतलं. त्याने तपासलेल्या औषधांच्या पुस्तिकेत अकरा चुका निघाल्या होत्या. एका गोळीचं प्रमाणच चुकलं होतं. पुस्तिका बाहेर गेली नव्हती, एवढंच नशीब.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "राजीनामा लिही. मी सांगतो."

"अहो, पण झालंय काय?"

"दुसऱ्यांदा आंधळा होतोय मी."

तिने कागद घेतलाच नाही. चप्पल घालून ती त्याला तशीच दवाखान्यात घेऊन गेली. हातापायांना टाचणी टोचून झाली, रक्त तपासायला गेलं. चौथ्या दिवशी रिपोर्ट वाचता वाचता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जेवता काय?"

या प्रश्नाला तो खुलला. वडील पन्नाशीत हृदयविकाराने गेले होते. चार वर्षांपूर्वी त्याचंही वजन वाढलं, रक्तातली चरबी वाढली, तेव्हा त्याने मनावर घेतलं. साखर, तळण सोडलं. पुढे मटण, मासळी, अंडी आणि शेवटी दूध-दह्यावरही पाणी सोडलं. फळं, पालेभाज्या आणि भाकरी, बस्स. चौदा किलो उतरले. छापखान्यात त्याचं उदाहरण देत.

"सोडलं काय, ते कळलं," त्या म्हणाल्या. "त्याच्या बदल्यात धरलं काय?"

हे कुणी विचारलंच नव्हतं.

"चरबी कमी केलीत, चांगलंच केलंत. पण नसांना बी-ट्वेल्व्ह लागतं, ते भाजीपाल्यात जवळजवळ नसतंच. ते वेगळं घ्यावं लागतं. तुमच्या रक्तात ते नावालाही उरलेलं नाही. इंजेक्शनं सुरू करू. बोटं बरीचशी परत येतील, पण वेळ लागेल."

त्याच्या छातीवरचा दगड उतरला. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी बायकोच्या हातात दिली. चिठ्ठी तिच्या हातून खाली पडली. तिने उचलली. पुन्हा पडली.

"काय झालं गं?"

"काही नाही हो," ती हसत म्हणाली. "हल्ली हातातून निसटतं काही ना काही. वय झालं."

एका घरात दोन स्वयंपाक कशाला, असं म्हणून त्याचं पथ्य तिनेही पहिल्या दिवसापासून पाळलं होतं.

तो उठला. चाचपडत तिचा खांदा शोधला आणि तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "चार वर्षं ही माझंच जेवण जेवतेय. आता हिची बोटं बघा."