निळ्या पिसांची टोपी

"ताई, हिचं काय येईल हो?" मास्तरांनी विचारलं.

जेवणाच्या सुट्टीत, चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राला टेकून ती फोनवर खेळत होती. मास्तरांचा आवाज इअरफोनमधून आला. पडद्यावर त्यांचा बुटका गडी खेळातल्या चौकात उभा होता. त्याच्या हातात निळ्या पिसांची टोपी होती.

तिचा घास हातातच राहिला. खेळ सुरू झाला त्या वर्षी ही टोपी एकच दिवस वाटली होती, पुन्हा कधीच नाही. ती घालून कुणी जास्त पळत नाही की जिंकत नाही, नुसती मिरवायची. पण अख्ख्या खेळात पाच-सातच उरल्या होत्या, आणि एकीसाठी लोक आपली सगळी पेटी रिकामी करायला तयार होते. कशाच्या बदल्यात काय मागावं, हे तिच्याइतकं कुणाला कळत नसे. उगाच नाही सगळे तिला भाववाली ताई म्हणत.

"जुनी आहे," ती म्हणाली. "आता फारसं कुणी विचारत नाही. तुम्हाला काय हवं होतं?"

"दोन लाल मफलर. एक मला, एक नातीला. लांब असते ना पोर, इथंच भेटतो आम्ही. म्हणते, आबा, सारखे कपडे घालू."

लाल मफलर तिच्याकडे डझनभर पडून होते. फुकट दिले तरी कुणी घेत नव्हतं.

"घ्या की. दोन देते," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला नको तितका गोड वाटला. बटणावर अंगठा क्षणभर थांबला, मग त्यानं सौदा करून टाकला. टोपी आली तशी तिनं डोक्यावर चढवलीसुद्धा.

"बरं झालं तुम्हाला विचारलं," मास्तर खोकत म्हणाले. "काल एक जण म्हणत होता, हिचे शंभर मफलर मागा. म्हटलं, हा आपल्याला बनवतोय. आपलं माणूस असताना परक्याचं कशाला ऐकायचं?"

तिनं डबा बाजूला सारला.

"मास्तर, ऐका ना. ती टोपी..."

"शोभते हो तुम्हाला! माझ्याकडे पडूनच होती. आणि हो, चौकात सगळ्यांना सांगून ठेवलंय मी. भाव विचारायचा तर ताईंनाच, डोळे मिटून."

ते बोलत होते तोवर तिच्यापुढे रांग लागली. तीन अनोळखी गडी, तिघांच्याही हातात काही ना काही. मास्तर लाल मफलर गुंडाळून शेजारीच उभे होते.

रांगेतली पहिली कुणी नवखी मुलगी होती. हातातलं विकायचं सोडून ती ताईच्या डोक्याकडेच बघत राहिली.

"ताई," तिनं विचारलं, "ही टोपी तुम्हाला केवढ्याला पडली?"