टिचकी

घड्याळजींनी दुर्बिणीला डोळा लावला आणि बायकोला बजावलं, "आता दहा मिनिटं अवाक्षर काढायचं नाही. टेप चालू आहे."

"मी वाळलेले कपडे काढतेय. कपडे बोलत नाहीत," ती दोरीवरचे चिमटे काढत म्हणाली.

गच्चीवर नुकतंच अंधारलं होतं. स्टुलावर टेपरेकॉर्डर, शेजारी रेडिओच्या वेळेला लावलेलं सेलचं घड्याळ, सेकंदाला एक टिक करणारं. सात बेचाळीसला एक लघुग्रह, म्हणजे दूर कुठेतरी भटकणारा डोंगराएवढा दगड, दुर्बिणीत धरलेल्या ताऱ्यासमोरून जाणार होता. तारा जेमतेम सहा सेकंद झाकला जाणार. झाकला की "बंद" म्हणायचं, दिसला की "चालू". काम एवढंच. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी अशी अकरा माणसं गावोगाव बसवली होती. कुणाचा तारा किती वेळ गायब झाला, त्यावरून त्या दगडाचा आकार निघणार होता.

घड्याळजी याआधी आठ वेळा बसले होते आणि आठही वेळा तारा ढिम्म हलला नव्हता. "काही झालं नाही, हेही कळावं लागतं," बाई दर वेळी समजूत घालायच्या. त्या समजुतीचा आता त्यांना वीट आला होता. त्यात दुर्बीण शाळेची, आणि उद्यापासून पाळी पोस्टमनची. म्हणजे आजची ही शेवटची संधी. एकदा, आयुष्यात एकदाच त्यांना तो दगड गाठायचा होता!

सात एक्केचाळीस झाले. अजून मिनिटभर होतं, आणि नेमका तेव्हाच दुर्बिणीनं दगा दिला. समोर नुसता काळोख. घड्याळजींनी दातओठ खात नळीला एक टिचकी मारली. काही नाही. मग तळहातानं एक थाप दिली.

"हं, चाललं!" चाळीस वर्षं घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकाला म्हणत आले, तसंच ते म्हणाले, आणि कपाळाचा घाम पुसून पुन्हा डोळा लावला.

बेचाळीस झाले. त्रेचाळीस. पंचेचाळीस. तारा आपला जागच्या जागी.

घड्याळजींनी टेप बंद केला. "नवव्यांदाही भोपळा," ते म्हणाले. "सांग त्या पोस्टमनला, सकाळीच घेऊन जा म्हणावं."

बायको कपड्यांचा ढीग छातीशी धरून जवळ आली. "मधे ठोकाठोक कसली चालली होती?"

"बंद पडली होती. टिचकी मारली, झाली चालू."

"काय, दुर्बीण?"

"मग काय, मी?"

"अहो, परवा शेजारणीला तुम्हीच सांगत होतात ना, यात बिघडायला आहेच काय, एक नळी आणि दोन काचा?"

घड्याळजी झटकन टेपरेकॉर्डरकडे वळले. वेळ मिनिटभर पुढेमागे होऊ शकते, असं बाईंनी तीनतीनदा सांगितलं होतं.

त्यांनी टेप मागे नेला. टिक, टिक, टिक. मग टण्ण! बायको बोटांवर मोजू लागली. एक, दोन, तीन, चार, पाच. धप्प. सहा. "हं, चाललं!"

"अगं, दगड सापडला!" घड्याळजी असे ओरडले की तिच्या हातातले अर्धे कपडे खाली पडले.

फोनवर टेप ऐकून बाईही खूश झाल्या. "सगळ्यांनाच मिनिटभर आधी दिसलं, काका! पण तुमच्या टेपवर 'बंद' कुठे आहे?"

"'बंद' नाही म्हणालो. टिचकी मारली."

पलीकडचं हसू बराच वेळ थांबेना. "चालेल," त्या शेवटी म्हणाल्या. "टिचकीची नेमकी वेळ लिहून पाठवा."

घड्याळजींनी फोन ठेवला. बायको खाली पडलेला टॉवेल झटकत वर बघत होती.

"आता नीट चालतोय ना तुमचा तारा?"

"अगदी फर्स्ट क्लास."

"गॅरंटी किती?"

"एक वर्ष," घड्याळजी म्हणाले. "फक्त पाण्यात पडू देऊ नका."