डाव्या हाताचा गिलावा

वाळूचं घमेलं डोक्यावरून उतरवायचं सोडून ती खोलीच्या दारातच थबकली.

सकाळचं ऊन खिडकीतून तिरपं आत आलं होतं आणि समोरच्या भिंतीवरचा गिलावा उजळला होता. बाकीच्या भिंतींवर गिलावा सपाट करणारा रंधा फिरल्याच्या खुणा एका अंगाला वळत होत्या, या भिंतीवर मात्र उलट्या. तिनं घमेलं खाली टेकवलं, पदरानं हात पुसले आणि एका खुणेवरून हलकेच बोट फिरवलं. बोट आपसूक डावीकडे गेलं.

"ए बाई, भिंत बघायला आलीस का कामाला?" मुकादम मागून ओरडला.

"ही भिंत कुणी केली?"

"ती होय? एक डावखुरा होता. हात सोन्यासारखा, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. मागच्या आठवड्यात गेला."

"कुठं?"

"आता मला काय सांगून गेलाय? काम मिळेल तिकडं."

"तब्येत बरी होती ना? खोकला होता का? जेवण वेळेवर करायचे?"

मुकादमाची तंबाखू मळणारी बोटं थांबली. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "तुझे कोण ते?"

"आमचे घरधनी." एवढंच बोलून ती वाळू चाळायला बसली.

मुकादम जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. "खोकला नव्हता," तो म्हणाला. "जेवायचा. एकटाच बसायचा, पण जेवायचा."

तिनं मान हलवली. चाळणी जोरजोरात हलत राहिली.

दुपारी नवा गवंडी आला. खिडकीखालचा पट्टा तेवढा राहिला होता. तिनं सिमेंट-वाळू कालवली, पाणी ओतलं, थोडं थांबून आणखी ओतलं आणि घमेलं त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं थापीभर माल भिंतीवर मारला. तो ओघळून त्याच्या पायावर पडला.

"अहो बाई, हा काय माल म्हणायचा? खीर केलीय नुसती! इतका सैल कुणी सांगितला?"

ती त्या डाव्या हाताच्या भिंतीकडे बघत होती.

"त्यांना असाच लागतो," ती म्हणाली.