पट्ट्याला नवं भोक

“गाठी कधीपासून आहेत?” कुत्र्याच्या जबड्याखाली चाचपत डॉक्टरांनी विचारलं. तपासणीत लिम्फोमा, म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सर निघाला होता; त्यातला बी-पेशींचा प्रकार. औषधाला दाद देणारा, पण लवकर सापडला तर. “यांना विचारा,” घटस्फोटित नवऱ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली. कुत्रा आळीपाळीने एकेक आठवडा दोघांकडे राहायचा. “यांच्या आठवड्यात त्याच्याकडे ढुंकून कोण बघतंय?” “तुझ्या आठवड्यात तुझे डोळे फुटले होते का?” तो उसळला. डॉक्टरांनी कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा काढून उजेडात धरला. “मान जाड झाली म्हणून कुणीतरी नवं भोक पाडलंय. कडाही झिजल्यात, दोन महिने तरी झाले.” नवऱ्याला फैलावर घ्यायला तिने तोंड उघडलं आणि तिला तापवलेला खिळा आठवला. भोक तिनेच पाडलं होतं, नवऱ्याने खायला घालून फुगवलाय म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडत. डॉक्टर तिच्याकडे बघत होते. त्यांच्या हातातला पट्टा ओढून पर्समध्ये कोंबत ती म्हणाली, “बघितलेत ना यांचे उद्योग?”